दूरध्वनी विनिमय पद्धती

दूरध्वनी विनिमय पद्धती : एका दूरध्वनी ग्राहकाची तारजोडी त्याला हव्या असलेल्या दुसऱ्या ग्राहकाच्या तारजोडीशी संभाषणापुरती जोडून देणे आणि संभाषण संपताच ती जोडणी मोडून दोन्ही तारा मोकळ्या करणे, या कार्यासाठी वापरण्यात येणाऱ्या तंत्रास विनिमय पद्धती म्हणतात. हे कार्य जेथे घडते ते विनिमय केंद्र होय. व्यवहारात मात्र त्यासाठी एक्सचेंज हाच शब्द रूढ आहे. ग्राहकाला दिसतो तो केवळ आपल्या मेजावरील फोन. परंतु दूरध्वनी सेवेचा बराचसा खर्च, तिच्यातील बहुतेक अभियांत्रिकी आणि तिच्याविषयीच्या अनेक तक्रारींचे मूळ या न दिसणाऱ्या भागात असते.

विनिमयाची गरज साध्या हिशेबाने स्पष्ट होते. कोल्हापुरातील शाहूपुरी व लक्ष्मीपुरी या व्यापारी पेठांतील १०० दुकाने एकमेकांशी स्वतंत्र तारांनी जोडावयाची ठरविल्यास ४,९५० तारजोड्या लागतील. दुकाने १,००० झाल्यास हा आकडा ४,९९,५०० होईल. म्हणजे ग्राहक दसपट झाले, तर तारा सुमारे शंभरपट वाढतात. उलट प्रत्येक दुकानातून एकच तारजोडी एका मध्यवर्ती ठिकाणी आणली, तर १०० दुकानांना १०० जोड्या पुरतात. तारांची ही बचत ज्या यंत्रणेमुळे साधते तिचाच विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. [→ दूरध्वनिविद्या].

हस्तचालित पद्धती : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे एकस्व ७ मार्च १८७६ रोजी मिळाले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, २८ जानेवारी १८७८ रोजी, अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी विनिमय केंद्र सुरू झाले. त्याचे ग्राहक अवघे २१ होते. भारतात ओरिएंटल टेलिफोन कंपनीला १८८१ मध्ये परवाना मिळाला व २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील केंद्रांचे औपचारिक उद्‌घाटन झाले. कलकत्त्याच्या केंद्राचे ग्राहक त्या वेळी ९३ होते. मुंबईची सेवा दीर्घकाळ खाजगी कंपनीकडे होती. ती १९४३ मध्ये सरकारने आपल्याकडे घेतली.

हस्तचालित केंद्रात प्रत्येक ग्राहकासाठी स्विचफलकावर एक छिद्र व एक खूणदिवा असतो (आरंभीच्या फलकांत दिव्याऐवजी खाली पडणारी लहान झडप असे). ग्राहकाने फोन उचलला की दिवा लागतो. चालक आपल्या दोरीची एक खुंटी त्या छिद्रात बसवितो, क्रमांक विचारतो, हवी असलेली तार मोकळी आहे की नाही हे पाहतो आणि दुसरी खुंटी त्या छिद्रात बसवून घंटी वाजवितो. संभाषण संपल्याचा दिवा लागताच दोन्ही खुंट्या काढतो. पुढे आलेल्या सर्व स्वयंचलित यंत्रणांना नेमकी हीच कामे याच क्रमाने करावी लागतात : मागणी ओळखणे, क्रमांक ऐकणे, वाट शोधणे, तपासणे, जोडणे, लक्ष ठेवणे व तोडणे. त्यांत आकारणीची नोंद मिळविली की यादी पूर्ण होते.

या पद्धतीचा खरा कस परगावच्या, म्हणजे ट्रंक संभाषणात लागे. भुदरगड किंवा आजरा तालुक्यातील गावाहून मुंबईला बोलावयाचे तर वाटेतील प्रत्येक केंद्रातील चालकाने आपापली जोडणी करून द्यावी लागे आणि त्यांपैकी एकही मार्ग व्यापलेला असला, तर सगळी साखळी खोळंबे. म्हणून संभाषणाची आगाऊ नोंदणी करावी लागे. साधे, अर्जंट व लाइटनिंग असे दरांनुसार अग्रक्रम होते. विशिष्ट व्यक्तीला बोलावून घेण्यासाठी पी. पी. ही वेगळी सोय होती. गुळाच्या सौद्याचा भाव परगावच्या पेठेस कळविणाऱ्या व्यापाऱ्याला अधिक दर भरून लवकर जोडणी मिळत असे, पण रात्री आजारपणाची खबर देणाऱ्या शेतकऱ्यालाही तोच दर भरावा लागे. मार्ग थोडे असले म्हणजे कोणाला आधी बोलू द्यावयाचे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही, याचे हे जुने उदाहरण होय. हस्तचालित चालकापाशी मात्र यंत्रापाशी नसलेला एक गुण होता : डॉक्टर दवाखान्यात नसतील तर ते कोठे सापडतील हे लहान गावच्या चालकाला बहुधा ठाऊक असे.

स्ट्रोजर पद्धती : चालकाशिवाय चालणारे पहिले यशस्वी केंद्र अभियंत्याने नव्हे, तर अमेरिकेतील कॅन्झस सिटी येथील ए. बी. स्ट्रोजर या अंत्यविधी व्यावसायिकाने कल्पिले. आपल्याकडे येणारे ग्राहक चालक दुसऱ्या व्यावसायिकाकडे वळवितात असा त्यांना संशय होता, अशी आख्यायिका आहे. त्यांना १० मार्च १८९१ रोजी एकस्व मिळाले व ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे या तत्त्वावरील केंद्र सुरू झाले. भारतातील पहिले स्वयंचलित केंद्र १९१३–१४ मध्ये सिमला येथे बसविण्यात आले.

या पद्धतीचे मर्म ग्राहकाच्या फोनवरील तबकडीत आहे. तबकडी फिरवून सोडली की स्प्रिंगच्या जोराने परत येताना ती तारेतील विद्युत् प्रवाह क्रमांकाइतक्या वेळा तोडते : ५ साठी पाच वेळा, ० साठी दहा वेळा, सेकंदाला सु. दहा या गतीने. केंद्रातील निवडक या साधनात अर्धवर्तुळाकार फळीवर संपर्कबिंदूंच्या दहा ओळी एकीवर एक रचलेल्या असतात व प्रत्येक ओळीत दहा बिंदू असतात. मधल्या दांड्याला जोडलेला स्पर्शक विद्युत् चुंबकाच्या प्रत्येक झटक्यासरशी एक पायरी वर चढतो किंवा एक पायरी आडवा फिरतो. समजा, १०,००० ग्राहकांच्या केंद्रात ४६२७ हा क्रमांक फिरविला. पहिल्या ४ मुळे पहिल्या निवडकाचा स्पर्शक चौथ्या ओळीपर्यंत चढतो आणि मग आपण होऊन आडवा फिरत त्या ओळीतील मोकळा दुसरा निवडक शोधतो. त्या दुसऱ्या निवडकाचा स्पर्शक ६ च्या स्पंदांनी सहाव्या ओळीवर जाऊन मोकळा अंतिम निवडक गाठतो. अंतिम निवडकाचा स्पर्शक २ मुळे दुसऱ्या ओळीवर चढतो व ७ मुळे सातव्या बिंदूपर्यंत फिरतो. तेथे ४६२७ या ग्राहकाची तार असते. ती मोकळी असल्यास घंटी वाजते, नसल्यास व्यस्ततेचा ध्वनी ऐकू येतो.

ग्राहकाच्या बोटाने येथे यंत्र प्रत्यक्ष, पायरीपायरीने चालविले जाते. क्रमांक कोठेही साठविला जात नाही. त्यामुळे एखादा निवडक बिघडला, तरी बाकीचे केंद्र सुरू राहते. याच साधेपणामुळे ही पद्धती सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकली. बंगलोर येथे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या कारखान्याने आरंभी ब्रिटिश तंत्राच्या आधारे याच पद्धतीचे उत्पादन हाती घेतले. दोषही उघड होते. हजारो हलते भाग झिजत. संपर्कबिंदूंवर धूळ बसे. पावसाळी दमटपणात ते गंजत व संभाषणात खरखर येई. बिंदू पुसणे, तेल देणे आणि स्पर्शकांचा ताण तपासणे यांसाठी मोठा कर्मचारीवर्ग लागे. शिवाय क्रमांकाचे आकडेच मार्ग ठरवीत असल्याने एक मार्ग भरला, तर दुसऱ्या वाटेने जाण्याची सोय नव्हती.

वर्दळीचे गणित : वरील उदाहरणात १०,००० ग्राहक असले, तरी निवडक १०,००० नसतात. सर्व ग्राहक एकाच वेळी बोलत नाहीत, या गृहीतावरच विनिमय केंद्राचे अर्थकारण उभे असते. किती सामग्री पुरेल याचे गणित कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील डॅनिश गणिती ए. के. एर्लांग (१८७८–१९२९) यांनी मांडले. त्यांचे मूलभूत निबंध १९०९ व १९१७ या वर्षांचे असून वर्दळीच्या एककाला त्यांचेच नाव दिलेले आहे. एक मार्ग तासभर सतत व्यापलेला असल्यास ती एक एर्लांग वर्दळ होय.

एका पेठेतील १०० ग्राहक सर्वांत गर्दीच्या तासात सरासरी तीन मिनिटे परगावी बोलतात असे मानू. एकूण ३०० मिनिटे, म्हणजे ५ एर्लांग वर्दळ झाली. सरासरीवर भिस्त ठेवून पाचच मार्ग दिले, तर शंभरातील सु. २८ मागण्या परत फिरतील, कारण मागण्या रांगेत न येता अवचित येतात. शंभरात एकाहून अधिक मागणी नाकारली जाऊ नये असे ठरविल्यास ११ मार्ग लागतात. मात्र वर्दळ दसपट, म्हणजे ५० एर्लांग झाली, तर ११० नव्हे, केवळ ६४ मार्ग पुरतात. मोठ्या समूहात एकाची गर्दी दुसऱ्याच्या शांततेने भरून निघते. लहान गावांना वेगवेगळे थोडे मार्ग देण्यापेक्षा त्यांची वर्दळ एका मोठ्या केंद्रात एकत्र करून पुढे पाठविणे का परवडते, याचे कारण हेच. तालुका, जिल्हा व विभाग अशी जाळ्याची उतरंड घडण्यामागे हे गणितही आहे.

या गणिताची दुसरी बाजू कठोर आहे. त्याच ११ मार्गांवर वर्दळ ५ ऐवजी १० एर्लांग झाली, तर नकाराचे प्रमाण शंभरात एकावरून सोळावर जाते. १५ झाली, तर छत्तीसवर. प्रत्यक्षात परिस्थिती आणखी बिघडते, कारण नकार मिळालेला ग्राहक स्वस्थ बसत नाही. तो लगेच पुन्हा क्रमांक फिरवितो व यंत्रणेवरील भार आणखी वाढवितो.

क्रॉसबार पद्धती : या पद्धतीत चढणाऱ्या-फिरणाऱ्या स्पर्शकांऐवजी उभ्या व आडव्या पट्ट्यांची जाळी असते. एक आडवी व एक उभी पट्टी विद्युत् चुंबकांनी किंचित हलविली की त्यांच्या छेदाजवळील संपर्क जुळतात. हालचाल अल्प असल्याने झीज व आवाज कमी होतो. महत्त्वाचा फरक असा की, ग्राहकाने फिरविलेले आकडे आधी नोंदक या सामाईक साधनात साठविले जातात आणि मग चिन्हक हे दुसरे सामाईक साधन संपूर्ण मोकळी वाट शोधून एकदम जोडणी करते. अशा प्रकारे यंत्राला स्मृती व मार्ग निवडण्याची मुभा मिळाली. स्वीडनमध्ये सुंडस्वाल येथे १९२६ मध्ये या तत्त्वावरील मोठे सार्वजनिक केंद्र सुरू झाले.

भारताने १९६० नंतर पेंटाकोंटा ही यूरोपीय क्रॉसबार पद्धती स्वीकारली. तिचा अनुभव समाधानकारक नव्हता व त्याची कारणमीमांसा उद्‌बोधक आहे. ही यंत्रणा घरोघरी फोन असलेल्या देशांच्या वर्दळीसाठी आखलेली होती. तेथे एकेका तारेचा वापर थोडा असे. भारतात फोन दुर्मीळ असल्याने एकच फोन अख्खे कार्यालय, शेजारची दुकाने आणि प्रसंगी सगळी आळी वापरी. प्रत्येक तारेवरील वर्दळ त्यामुळे कितीतरी अधिक असे. त्यात जोडणी न मिळाल्याने पुनःपुन्हा फिरविलेले क्रमांक मोजक्या चिन्हकांवर येऊन आदळत. स्ट्रोजर केंद्रात गर्दीने काही ग्राहक अडत. येथे सामाईक साधने भारली की सर्वांचीच सेवा मंदावे. भारतीय परिस्थितीनुसार या पद्धतीचे पुन्हा अभिकल्पन करावे लागले. यंत्रसामग्री आयात करता येते, तिच्यामागील गृहीते मात्र स्थानिक असावी लागतात, हे अभियंत्यांच्या ध्यानी आले ते या काळात.

दरम्यान ग्राहकाने स्वतःच परगावचा क्रमांक फिरविण्याची एस. टी. डी. सेवा २५ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान सुरू झाली व क्रमाक्रमाने देशभर पसरली.

इलेक्ट्रॉनीय व अंकीय पद्धती : नोंदक व चिन्हक यांचे काम संगणकाकडे सोपविण्याची कल्पना अमेरिकेत १९६५ मध्ये न्यू जर्सीतील सकासुना येथील केंद्रात प्रत्यक्षात आली. सूचनासंच बदलला की सेवा बदलते. तारांची पुनर्रचना करावी लागत नाही. भारतात ट्रंक मार्गांसाठी अशा प्रकारचे पहिले केंद्र १९८३ मध्ये मुंबईत कार्यान्वित झाले. त्यात नियंत्रण संगणकाचे असले, तरी आवाज पूर्वीप्रमाणे अखंड विद्युत् तरंगाच्या स्वरूपातच जात असे.

पुढील पायरी आवाजाचेच आकड्यांत रूपांतर करण्याची होती. आवाजाच्या तरंगाची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजून प्रत्येक मोजमाप ८ द्विमान अंकांत लिहिले, तर एका संभाषणासाठी सेकंदाला ६४,००० अंक लागतात. दोन मोजमापांमधील अवकाशात इतर संभाषणांची मोजमापे घालता येतात. ३० संभाषणे व नियंत्रणासाठी दोन कप्पे, असे ३२ कप्पे एकाच मार्गावरून जातात. आता जोडणी म्हणजे दोन तारा चिकटविणे नव्हे. सातव्या कप्प्यातील अंक क्षणभर स्मृतीत ठेवून विसाव्या कप्प्यात घालणे एवढेच. मोटारस्थानकावर एका गाडीतील टपालाची थैली उतरवून दुसऱ्या गाडीत टाकावी, तसे हे काम आहे. फरक इतकाच की, या गाड्या सेकंदाला ८,००० वेळा सुटतात. हलणारा भाग एकही उरत नाही.

भारतीय अंकीय केंद्र : परदेशी अंकीय केंद्रे मोठ्या शहरांसाठी बनविलेली होती व त्यांना वातानुकूलित खोली लागे. खेड्यातील शे-सव्वाशे ग्राहकांसाठी ती परवडणारी नव्हती. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने हाच प्रश्न आधी हाती घेतला. सॅम पित्रोदा, जी. बी. मीमांसी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले एम. व्ही. पिटके हे तिच्या उभारणीत अग्रणी होते. ३६ महिने व ३६ कोटी रुपये अशी मर्यादा तिला घालून देण्यात आली होती. तिच्या १२८ द्वारांच्या ग्रामीण स्वयंचलित केंद्रातील मंडले इतकी कमी उष्णता निर्माण करीत की, त्यांना हवेचा नैसर्गिक प्रवाह पुरे. पंखाही लागत नसे. असे पहिले केंद्र जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसविण्यात आले. कोल्हापूरहून बंगलोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बेळगावच्या पलीकडे हे गाव आहे. धूळ, उकाडा व वारंवार जाणारी वीज यांना तोंड देत चालणाऱ्या या लहान पेटीमुळे ग्रामीण भागात स्वयंचलित सेवा आर्थिक दृष्ट्या शक्य झाली. नंतर निघालेल्या सार्वजनिक एस. टी. डी. केंद्रांचा प्रसारही अशा यंत्रणांशिवाय कठीण होता. मोठ्या शहरी केंद्रांबाबत मात्र संस्थेला ठरलेल्या मुदतीपेक्षा अधिक वेळ लागला.

क्रमांकयोजना : जाळ्याची उतरंड क्रमांकात उमटलेली असते. स्थिर दूरध्वनीच्या राष्ट्रीय क्रमांकात पहिला आकडा स्थूलमानाने प्रदेश दर्शवितो; २२ मुंबई, २० पुणे, २३१ कोल्हापूर, २३० इचलकरंजी, २३३ सांगली. कोल्हापूर जिल्ह्यातील बहुतेक तालुके २३२ या गटात येतात : चंदगड २३२०, राधानगरी २३२१, शिरोळ २३२२, आजरा २३२३, भुदरगड २३२४, कागल २३२५, गगनबावडा २३२६, गडहिंग्लज २३२७, पन्हाळा २३२८, शाहूवाडी २३२९. संकेतांक लांब असेल तेथे ग्राहकाचा क्रमांक आखूड ठेवून एकूण आकडे दहाच राहतील अशी योजना आहे. कोल्हापूर शहरात तीन अधिक सात, तर पन्हाळ्यास चार अधिक सहा. आपल्या क्षेत्राबाहेर बोलताना आरंभी ० फिरविणे म्हणजे स्थानिक केंद्राला ‘ही मागणी वर पाठवा’ असे सांगणे होय.

भूगोल व क्रमांक यांची सांगड सर्वत्र बसतेच असे नाही. कागलपासून जवळच असलेल्या निपाणीचा संकेतांक ८३३८ असून तो कर्नाटकाच्या गटात मोडतो. बेळगावचा ८३१ व गोव्याचा ८३२ हे लागोपाठचे आहेत, पण दूरसंचार प्रशासनात गोवा महाराष्ट्र मंडळात मोडतो. सीमाभागातील बाजारपेठा व सोयरिकी मात्र या विभागणीला जुमानत नाहीत.

वीज व आपत्ती : तांब्याच्या तारेवरील फोनला लागणारी वीज विनिमय केंद्रातील सु. ४८ व्होल्ट दाबाच्या विद्युत् घटमालेतून त्याच तारेने येते. घरातील वीज गेली, तरी फोन चालू राहतो, तो यामुळे. घटमाला व जनित्र उंचावर ठेवलेले असतील, तर पुरातही केंद्र तग धरू शकते. जमिनीखालील केबलींच्या जोडांत पाणी शिरले, तर मात्र केंद्र सुस्थितीत असूनही ग्राहक तुटतात. पंचगंगेच्या ऑगस्ट २०१९ मधील पुरात पुणे–बंगलोर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद होता. रस्ते तुटलेल्या अशा वेळी संदेशवहनाची गरज सर्वाधिक असते आणि वर्दळीच्या गणितानुसार नकाराचे प्रमाणही तेव्हाच वाढते. म्हणून काही पद्धतींत रुग्णालये, पोलीस व प्रशासन यांच्या तारांना अग्रक्रम देऊन इतरांच्या मागण्या तात्पुरत्या रोखण्याची सोय असते.

भ्रमणध्वनी जाळ्यात, ग्राहक कोणत्या मनोऱ्याच्या क्षेत्रात आहे याची सतत अद्ययावत होणारी नोंद ठेवणे हे विनिमय केंद्राचे अधिकचे काम होय. एकविसाव्या शतकात आवाजाचे अंक ठराविक कप्प्यांऐवजी पत्ता लिहिलेल्या लहान पुडक्यांत घालून माहितीजाळ्यातून पाठविण्याची पद्धती रुळली व भारतातील जुनी अंकीय केंद्रेही क्रमाने तिच्याकडे वळविण्यात आली. प्रकाशीय तंतूने घरापर्यंत येणाऱ्या जोडणीत तांब्याची तार नसल्याने केंद्रातून वीज येत नाही. घरातील उपकरणाला स्वतःची घटमाला नसल्यास वीज जाताच असा फोन बंद पडतो.